दोरीचा चौकोन

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणातल्या गोल ओट्यावर फरशी बसवायची मजुरी सांगितली गेली: तीन हजार सहाशे तीस रुपये. हजर मी, माझी पत्नी आणि तिसगावचा गवंडी. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं ओट्याभोवती दोरी फिरवली, ती चव्वेचाळीस फूट भरली. दोरी चार पदरी दुमडून म्हणाला, "अकरा गुणिले अकरा, एकशे एकवीस फूट. तीस रुपयानं लावा."

"अहो, एकशे चौपन्न होतात. तुमचं नुकसान आहे."

"दोरी तीच हाय की, भाऊ! गोल काय न् चौकोन काय, जागा तेवढीच."

मी तारेचं गोल कडं केलं आणि आत हरभरे दाटीनं पसरले. मग तेच कडं वाकवून चौकोनी केलं आणि तेच हरभरे पुन्हा भरले. मूठभर बाहेर उरले. त्यानं उकिडवं बसून ते दोनदा कोंबून पाहिले.

"म्हंजे वीस वर्सं गोल ओटे मी स्वस्तात केले?" पत्नीला हसू आवरेना, मग तोही हसला. "जाऊ द्या, लई करून देवळांचेच हुते."

सूत्र मला शाळेपासून पाठ होतं. ते खरं असल्याचं मीही त्याच दिवशी पाहिलं.

काम झाल्यावर मी त्याला चार हजार सहाशे वीस रुपये दिले. त्यानं वरची वीसची नोट मला परत केली.

"शिकवणीची फी, गुर्जी."