दुसऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या

प्रमिलाबाई अमळनेरकडच्या. नवरा शेजारच्या राज्यात, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, आणि त्या भेस्तानजवळ एका कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फातली कोलंबी निवडायच्या. १९९६च्या हिवाळ्यात त्यांची बोटं जांभळी पडून सुजली. खाज सुटायची, फोड यायचे. भाकरी थापणं बंद झालं.

इस्पितळात डॉक्टर वशीबेन अशा बोटांवर एका गोळीचा अभ्यास करत होत्या. गोळी रक्तदाबाची, रक्तवाहिन्या रुंद करणारी. काही जणांना खरी द्यायची, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. प्रमिलाबाईंनी अभ्यासात नाव दिलं, आणि तीन आठवड्यांत त्यांची बोटं निवळली.

शेजारी काम करणाऱ्या उषाबाईंचीही बोटं फुटली होती, पण रक्तदाब कमी म्हणून डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं होतं.

"माले दोनच दे वं," त्या म्हणाल्या.

प्रमिलाबाईंनी आपल्यातल्या दोन गोळ्या दिल्या. उषाबाईंनी दोन्ही एकदम गिळल्या.

दुपारी त्या कोलंबीच्या टबावरच कोसळल्या. त्या गारठ्यातही अंग घामानं भिजलेलं. सुपरवायझर म्हणाला, "उपाशी असेल, चहा पाजा." प्रमिलाबाईंनी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, "इसने कुछ खाया था?"

खरं सांगितलं तर आपल्या गोळ्या बंद, प्रमिलाबाईंच्या मनात आलं. पुन्हा तेच फोड, मग काम कसं करायचं? डॉक्टर नाडी शोधत होता. एकदा मनगटाला, मग मानेला.

"गोळी," त्या म्हणाल्या. "दोन. मीच दिल्या, वशीबेनच्या."

वशीबेन धावत आल्या. प्रमिलाबाईंना कुठली गोळी मिळते हे ज्यात लिहिलेलं होतं, तो त्यांच्या क्रमांकाचा मोहोरबंद लिफाफा वशीबेननी फोडला. "खरी गोळी आहे," त्या म्हणाल्या. उषाबाईंचे पाय उंच केले, सलाईन लागली. दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजत होते आणि आकडा कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं. तासाभरानं उषाबाईंनी पाणी मागितलं.

प्रमिलाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या.

"लिफाफा फोडला, तुमची गोळी कुठली ते कळलं, आता तुमचं नाव अभ्यासातून गेलं," वशीबेन म्हणाल्या.

"आणि माझी बोटं?"

"गोळी मी लिहून देईन. फक्त तुमच्यासाठी." मग त्यांनी दुसरा कागद ओढला आणि उषाबाईंना बर्फात काम देऊ नये अशी चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं ती चिठ्ठी वाचून बाजूला सारली. प्रमिलाबाई त्याच्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या. अर्ध्या तासानं त्यानं उषाबाईंना बर्फापासून दूर, खोकी बांधायच्या कामावर लावलं.