शेंगाचटणी की जवसाची?

त्या दिवशी सकाळी हे पायात चपला सरकवत होते, तेव्हा मी आतूनच विचारलं, "रात्री भाकरी करू की खिचडी?" "काईबी कर की, दोन्ही चालतंय," म्हणत ते सात रस्ता चौकाकडे फिरायला निघाले. थोड्या वेळाने ह्यांच्याच मोबाइलवरून फोन आला, पण आवाज अनोळखी माणसाचा... पुढचं मला धड आठवतही नाही.

"दोन्ही चालतंय" हे आमच्या संसाराचं ब्रीदवाक्यच. मंगळवेढ्याचा हा माणूस जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आला. समवृत्ती वक्र शिकवताना फळ्यावर दोन वस्तू ठरलेल्या, शेंगाचटणी आणि जवसाची चटणी. ही थोडी कमी, ती थोडी जास्त, तरी समाधान तेवढंच. म्हणून गिऱ्हाईक तटस्थ. पोरं हसायची. मी मात्र घरी चिडायचे. साडीचा रंग असो की लेकीचं स्थळ, ह्यांचं आपलं ना तळ्यात ना मळ्यात! "अहो, एकदा तरी आवड सांगा," म्हटलं की नुसते हसायचे.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. गुरुजी म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवा." सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मला काही सांगताच येईना. शेवटी डब्यातली शेंगाचटणी पुढे केली. "व्हय वैनी, दादाला लई आवडायची की," दीर म्हणाले. मी मान हलवली. कावळा काही फांदीवरून हलला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून उरकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही चटण्यांच्या बरण्या शेजारी शेजारी असतात. माझी शाळा सकाळची, ह्यांचं कॉलेज दुपारचं, त्यामुळे दुपारी आम्ही एकत्र क्वचितच जेवलो; रात्री चटणीच्या बरण्या उघडतच नसत. मला जवस सोसत नाही, मी शेंगाचटणीच खाते. हे दोन्ही खातात असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात शेंगाचटणीची बरणी संपली, दर महिन्याला संपते तशीच. आता खाणारी मी एकटी, तरीही तेवढ्याच दिवसांत! म्हणजे हे तिला हात लावतच नव्हते... आवडत नव्हती, की माझ्यासाठी ठेवत होते? मग घाटावर मी ठेवलं, ते कुणाच्या आवडीचं? विचारलं असतं तरी हसून म्हणाले असते, "दोन्ही चालतंय."

शेंगाचटणीची बरणी धुऊन, भरून जागेवर ठेवली आहे. जवसाची, ह्यांनी सोडली तेवढीच, अजून तिथेच आहे. ती काही मला रिकामी करवत नाही.