ओटीतला कागद

व्यवस्थापकांनी माझी पिशवी टेबलावर उपडी केली तेव्हा जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. डबा, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर, पोरीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स. शेवटी सॅनिटरी पॅड पडलं आणि घसरत टँकरच्या ड्रायव्हरच्या हाताशी जाऊन थांबलं. त्यानं मान वळवली. बाकीचे बघत राहिले.

शोभाताईची अंगठी सापडत नव्हती. शोभाताई दूध संकलनाच्या विभागात आहे, मी प्रयोगशाळेत. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात बावीस वर्षं मी दुधाचे नमुने तपासते. फॅट किती, पाणी किती. माझ्या सहीशिवाय टँकर रिकामा होत नाही.

व्यवस्थापक म्हणाले, "सगळ्यांच्याच बघणार हाय. तुमच्यापास्नं सुरुवात, एवढंच."

"माझ्यापासूनच का?"

"आता त्यात काय इचारायचं?"

विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी पारधी. नोकरीला लागले त्याच आठवड्यात कुणीतरी माझा जातीचा दाखला वाचला होता आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या संघाला पाठ झाला होता.

अंगठी शोभाताईच्याच डब्याच्या झाकणात निघाली. कांदा कालवताना तिनं काढून ठेवली होती. "अगं बया, हितंच की गं!" ती हसली. सगळे हसले. व्यवस्थापकांनी चहा मागवला. दुसरी एकही पिशवी उघडली नाही. माझं सामान मीच गोळा केलं. पॅड उचलायला ड्रायव्हरपर्यंत जावं लागलं.

आणि तो चहा मी प्यायले. हे लिहायला लाज वाटते. पण प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने लावताना वडील आठवले. माणदेशात आमची वस्ती होती. जवळच्या गावची यात्रा आली की पोलीस पारध्यांच्या बाप्यांना आधीच उचलून नेत. चोरी व्हायच्या आधी. मग वडिलांनी एक रीत पाडून घेतली. पोलीस यायच्या आदल्या दिवशी ते घोंगडं आणि चार भाकरी घेऊन स्वतःच चौकीत जायचे. यात्रा संपली की परत.

मी एकदा विचारलं, "बाबा, तुमी काय केलंय?"

"काय न्हाई. आपण गेलो न्हाई तर वडत नेत्यात. पोरांम्होरं नगं."

वस्तीवर सगळे म्हणायचे, माणूस लय शहाणा. मलाही तसंच वाटायचं. त्या सकाळी कळलं की आदल्या दिवशीचा चहा मी त्याच शहाणपणानं प्यायले होते. कुणी ओढायच्या आधी आपणच जाऊन बसायचं. मी हातातला नमुना पूर्ण केला, नोंद केली आणि दुपारी एकपानी तक्रार लिहून कार्यकारी संचालकांकडं दिली. काय झालं, कुणी केलं, कुणासमोर. पोच घेतली.

आठ महिने काही झालं नाही. चौकशी समिती नेमली, ती एकदाही बसली नाही. दर महिन्याला मी विचारायला जायचे. आस्थापनेचा साहेब म्हणायचा, "हो हो, बघतोय." तिथपर्यंतचा जिना चढायचासुद्धा कंटाळा यायला लागला होता.

मग प्रशिक्षण आलं. संघाची दूध पावडर घेणाऱ्या परदेशी कंपनीची अट होती म्हणे. आदिवासी आणि भटक्या समाजांशी कामाच्या ठिकाणी सलोखा. दोन दिवस. आदल्या आठवड्यात आस्थापनेचा साहेब प्रयोगशाळेत आला.

"ताई, तो फासा असतो न्हवं तुमचा? तित्तर धरायचा? तेवढा घेऊन या. टेबलावर मांडू. संस्कृती म्हणून."

"साहेब, फासा घरात सापडला तर वनखातं केस करतं. माझा चुलता दोनदा आत जाऊन आलाय."

"आवं, आमी हाय की."

यांच्या टेबलावर ती संस्कृती, आमच्या पालात तोच पुरावा. प्रशिक्षणाच्या दिवशी मी दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर नेऊन ठेवला. "हे माझ्या हातातलं हत्यार," म्हटलं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंना वाटलं मी विनोद केला.

बाई वाईट नव्हत्या. मनापासून शिकवत होत्या. सुरुवातीलाच म्हणाल्या, "आपण ज्या जमिनीवर बसलोय ती मुळात कुणाची होती, त्याचं आधी स्मरण करू."

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "सातबारा संघाचाच हाय, बाई."

मीही हसले. पण पुढचं मी वहीत लिहून घेतलं. पडद्यावर कॅनडातल्या आदिवासींची मुलं होती. घरातून नेऊन शाळांत कोंडलेली, केस कापलेली, त्यांची भाषा बोलली की मार खाणारी. मला माझे आजोबा दिसले. इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून तारेच्या आत ठेवलेले, दिवसातून दोनदा हजेरी देणारे. बाईंनी पडद्यावर एक ओळ दाखवली: आधी सत्य, मग सलोखा. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी सांगायचं, ज्यांनी केला त्यांनी ऐकायचं आणि कबूल करायचं. शेजारचे जांभया देत होते. मी त्या ओळीखाली रेघ मारली. एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणीच कशी सांगितली नव्हती?

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खुर्च्या गोल मांडल्या. मधे पाट. मला पाटावर बसायला सांगितलं. शोभाताई ताट घेऊन उभी. खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. फोटोवाला तयार. सवाष्णीनं ओटी नाकारू नये, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ओटी आणली होती. हारतुरे मी नको म्हटले असते.

मी पदर पुढे केला. खरंच केला. अंगवळणी पडलेलं असतं. तांदूळ पडले, खण पडला, आणि नारळाबरोबर एक घडी घातलेला कागद. वर पेन.

कागद उघडला. 'गैरसमजातून केलेली माझी तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.' खाली माझं नाव टाईप केलेलं. सहीपुरती जागा.

"करा सही," व्यवस्थापक म्हणाले. "गोड झालं सगळं."

मी कागद मोठ्यानं वाचला. मग शोभाताईला विचारलं, "त्या दिवशी माझी पिशवी आधी का?"

ती ताटातलं हळदकुंकू सारखं करायला लागली. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "आपण आता पुढं बघू या का?"

"बाई, काल तुम्हीच दाखवलंत, आधी काय. मी लिहून घेतलंय."

बाई माझ्या हातातल्या कागदाकडं बघायला लागल्या. त्या कागदाचं त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"विषय वाढवू नका," व्यवस्थापक म्हणाले.

मी परत विचारलं. शोभाताई शेवटी बोलली. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

"तू पारधी हाईस म्हणून गं. मीच सायबांना म्हणलं, हिची बघा आदी."

बावीस वर्षं आम्ही एका बाकावर जेवलो. माझ्या डब्यातली चटणी तिला आवडायची. आठ महिने मी व्यवस्थापकांना दोष देत होते. मनात तिला वगळलं होतं.

"हे लिही," मी म्हटलं. "ह्याच कागदाच्या मागं. आणि सही कर."

तिनं व्यवस्थापकांकडं पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. तिनं पेन घेतलं नाही.

मी उठले. तांदूळ, खण, नारळ परत ताटात ओतले. एका बाईनं "अगं, अगं, सवाष्ण हाईस!" म्हणून हात धरला. मी हात सोडवला. कागद सही न करता आस्थापनेच्या साहेबाला दिला आणि त्याची झेरॉक्स मागितली. टँकर लागला होता. प्रयोगशाळेत गेले.

त्याला आता दोन महिने झाले. माझी बदली जतच्या शीतकरण केंद्रावर झाली आहे. दोन एसट्या बदलून जावं लागतं. गुडघे दुखतात. नवरा म्हणतो, "मिटव आता." शोभाताईचा फोन येतो, मी उचलते. ती रडते. मी तिला एवढंच सांगते की समितीपुढं साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय, जे पाटापाशी बोललीस ते तिथं बोल. मग ती फोन ठेवते.

समिती अजून बसलेली नाही. दर सोमवारी मी एक अर्ज टाकते आणि पोच घेते. नोकरीची आठ वर्षं शिल्लक आहेत. मला त्यांची माफी नको, ओटी नको, माझ्या नावाचा कार्यक्रम तर नकोच. त्यांनी काय केलं ते त्यांच्या हातानं, त्यांच्या सहीनं कागदावर यायला हवं. तोवर सलोखा झाला असं संघानं कुठंही छापलं, तर मी खाली लिहिणार: झालेला नाही.