भालेवाल्या मामांची रांग

लढाई सुरू झाली की भालेवाले मामा जवळजवळ काहीच करत नसत. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी आपापल्या घरून कॉम्प्युटरवर जुन्या काळच्या लढाया खेळायचो. मी कोल्हापुरातून, मामा कबनूरहून. त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता; संथ बोलण्यावरून आम्हीच त्यांना मामा म्हणायचो. हेडफोनमधला आवाज आणि त्यामागे यंत्रमागांचा खडखडाट, एवढीच ओळख.

घोडदळ त्यांनी कधी घेतलं नाही. सुरुवातीच्या दोन मिनिटांत ते चढ बघून भालाईतांच्या तीन रांगा लावायचे, पाठीशी तिरंदाज, डाव्या अंगाला ओढा. मग 'जागेवर थांबा' हा एकच हुकूम. "आधी रांग नीट लावायची, मग च्या प्यायचा," म्हणायचे, आणि खरंच बशीचा आवाज यायचा. शत्रूचे घोडे त्या रांगेवर येऊन अडायचे. मागून माझं घोडदळ तुटून पडायचं, आणि वाहवा माझी व्हायची.

शत्रूनं वळसा घातला की मात्र मामांची रांग वेळेत वळायची नाही. "मामा, झोपलासा काय? वळवा की," मी ओरडायचो.

"वळवतो की, दमा जरा."

स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत आम्ही असेच हरलो. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "म्हाताऱ्यांनी पत्तं खेळावं," आणि त्यांना गटातून काढून टाकलं. हेडफोनमधला मागांचा आवाज बंद झाला.

त्यानंतर आम्ही हरतच गेलो. शत्रूला थोपवून धरणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी स्पर्धेच्या अर्जावरचा त्यांचा पत्ता घेऊन मी कबनूरला गेलो. माफी मागायला नव्हे, त्यांना परत न्यायला, हे कबूल करतो.

"या पावणं," म्हणत माझ्याच वयाचा, चाळिशीतला एक माणूस उठला. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. पत्ता चुकला असं वाटलं, पण आवाज तोच होता. टेबलावर माउस डावीकडे होता, कीबोर्ड भिंतीला उभा टेकवलेला. मागाच्या पट्ट्यात हात गेल्याला अकरा वर्षं झाली होती.

मी उंबऱ्यातूनच विचारलं, "सांगितलं का न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जपून बोलला असता. मला खेळायचं व्हतं."

"परत या, मामा."

"न्हाय. त्या दिवशी लेक शेजारी बसलेली. तिनं ऐकलं." मग माउस सरळ करत म्हणाले, "डावीकडं वढा घेत जावा. उघडं पडतायसा. बघतोय मी तुमचा खेळ."

चहा लेकीनं आणला. बापाच्या डाव्या हाताशी तिनं कप नीट ठेवला. माझा ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.