ओके म्हणायचं राहून गेलं

मावशींच्या तोंडून "झालं" हा शब्द काढून घेणं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यासारखं काम. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशा लोकांसाठी त्या बूट बनवायच्या. आखूड पायाखाली किती उंची द्यायची, टाचेला किती, पंज्याला किती, हे बोटांनी चाचपून ठरवायच्या. बूट तयार झाला, गिऱ्हाईक दुकानभर फेऱ्या मारून खूश झालं, तरी मावशींचं ठरलेलं वाक्य यायचं, "पंधरा दिवस चाला. मग या. मग बोलू." पंधरा दिवसांनी त्या बूट उलटा करून उजेडात धरायच्या. तळ दोन्हीकडून सारखा झिजलेला दिसला, तरच म्हणायच्या, "झालं."

"ताईचं लग्नसुद्धा याच बोलीवर ठरलं," शिलाईच्या मशिनवरची मान वर न करता त्यांचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा. "दाजी अजून ट्रायलवर आहेत."

तीस वर्षं दुकान मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर होतं. मग रस्ता रुंद करायचा ठरला, इमारत पडली, आणि दुकान मागच्या तिसऱ्या गल्लीत एका छापखान्याच्या आतल्या चौकात जाऊन बसलं. जुना फोन भिंतीबरोबरच गेला. मावशींनी नव्या पत्त्याचा कागद जुन्या जागेभोवतीच्या पत्र्यावर चिकटवला होता. आठवड्याभरात पत्राच कुणीतरी उचलून नेला.

गिऱ्हाइकांची वही मात्र शाबूत होती. पण त्या वहीत होतं काय? पाय! पानापानावर पेन्सिलीने गिरवलेल्या दोन पावलांच्या कडा, उंचीतला फरक, आणि ते माणूस पहिल्यांदा आलं तेव्हा काय म्हणालं ते. "मुलगी तिरकी चालते." "चपलेची एकच टाच झिजते." "कंबर एका बाजूने दुखते." नाव असलं तर असलं. फोन नंबर एकाचाही नाही. मावशींचे वडील म्हणायचे, पाय घेऊन माणूस येतंच की परत, नंबर कशाला? लांबलांबच्या गावांहून लोक वर्षातून एकदोनदा यायचे, फाटकाशी उतरायचे, समोर दुकान. आता समोर खड्डा होता.

त्यातलं एक पान मावशी रोज उघडायच्या. एका बस ड्रायव्हरची आठ वर्षांची पोर, चिमणी. डावा पाय आखूड, आणि अंग वाढीचं, त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवा बूट. पाय गिरवून झाला की चिमणी पेन्सिल हिसकावून अंगठ्यावर दोन डोळे आणि मिशा काढायची.

"दीड महिना वर झाला," मावशी म्हणाल्या.

"येतील गं."

"कुठे येतील? खड्ड्यात? बूट आत्तापर्यंत घट्ट झाला असेल. उंचीसुद्धा कमी पडत असेल. असंच चालत राहिली तर कंबर कलंडेल तिची. वाढीचं हाड आहे, थांबतंय का कुणासाठी?"

भावाचं मशीन थांबलं. तो उठून वरच्या मजल्यावर चौकशीला गेला.

म्हणून वेबसाइट. छापखान्याच्या वरच्या खोलीत एक मुलगी एकटीच बसून वेबसाइट बनवून द्यायची. भाऊ तिला वेबवाली म्हणायचा. तिने पहिला नमुना दाखवला तेव्हा पडदाभर एक लालभडक, सुईसारख्या टाचेचा सँडल चमकत होता.

"हे काय?" मावशींनी चष्मा वर केला.

"तात्पुरता फोटो आहे, मावशी. जरा आकर्षक वाटावं म्हणून."

"माझं गिऱ्हाईक याच्यावर चढलं, तर उतरेल थेट दवाखान्यात."

"आपल्या जुन्या जागेसमोरच. लोकांना सवय आहे," भाऊ म्हणाला.

मावशींनी वेबसाइट बुटासारखीच तपासली. प्रत्येक बटण दाबलं, दोनदा. अक्षरं मोठी करायला लावली. भावाच्या तडे गेलेल्या जुन्या फोनवर उघडून पाहिली, तर फोटो उतरेपर्यंत चहा निवला, म्हणून सगळे फोटो हलके करायला लावले. वर लिहिलं होतं, "सर्वोत्तम पादत्राण सेवा." 

"असं कोण शोधतं गं?" मावशींनी वही पुढे सरकवली. "लोक हे बोलतात. मुलगी तिरकी चालते. एकच टाच झिजते. हेच लिही."

वेबवाली वही चाळत गेली आणि तिचे डोळे मोठे झाले. "मावशी, हे तर सोनं आहे! लोक फोनमध्ये अगदी असंच टाइप करतात." सँडल गेला, त्या जागी वहीतल्या एका पानाचा फोटो आला. मिशावाल्या अंगठ्याचं पान. कुणाचं नाव त्यावर नव्हतंच.

तीन दिवसांनी वेबवालीचा मेसेज आला, "मावशी, तयार आहे. लिंक पाठवतेय. नीट तपासा. तुमचं ओके आलं की शेवटचं काम करून टाकते."

मावशींनी उत्तर पाठवलं, "पंधरा दिवस चालवून सांगते."

आणि सुरू झालं वाट बघणं. फोन टेबलावर उताणा ठेवलेला. कातडं कापताना एक डोळा त्याच्यावर. चौकात पाऊल वाजलं की मावशी आधी कान द्यायच्या, दोन्ही पावलांचा आवाज सारखा आहे का? सारखाच असायचा. छापखान्यात येणारी माणसं ती. भाऊ रोज सकाळी लिंक उघडून बघायचा. "दिसतेय की! झकास दिसतेय." वेबवालीने दोनदा विचारलं, "मावशी, ओके का?" दोन्ही वेळा मावशींनी लिहिलं, "अजून कोणी आलं नाही. आलं की सांगते."

तेविसाव्या दिवशी त्यांना बसवेना. चप्पल सरकवून त्या तडक दवाखान्याच्या फाटकाशी गेल्या. बाजूच्या औषधाच्या दुकानात ओळखीचा दुकानदार होता.

"दादा, तुमच्या फोनवर जरा शोधा. आखूड पायाचे बूट."

त्याने शोधलं. खेळाचे बूट, पावसाळी बूट, बुटांवरची सूट. मावशींचं काहीच नाही.

"दुकानाच्या नावाने टाका."

या वेळी काहीतरी आलं. दुकानदाराने वाचलं आणि फोन जरा स्वतःकडे वळवला.

"दाखवा ना."

जुन्या दुकानाचा फोटो, जुना पत्ता, आणि खाली लाल अक्षरांत दोन शब्द. कायमचं बंद.

दुकानदाराने स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. गावाकडच्या कुठल्यातरी ओट्यावर बसून चिमणीच्या बापाने हेच वाचलं असणार. वाचून फोन खिशात टाकला असणार. दुसरं करेल काय तो?

छापखान्याचा जिना त्या एका दमात चढल्या. वेबवाली दचकून उठली.

"तुझी वेबसाइट कुणाला दिसते गं? मला आणि माझ्या भावाला?"

"हो," वेबवाली म्हणाली. "म्हणजे सध्या फक्त लिंक असलेल्यांनाच. शोधात ती लपवलेली आहे. तुम्ही ओके म्हणालात की उघडणार होते."

"मी कधी ओके म्हणणार होते?"

"तेच तर विचारत होते! एकदा मी अशीच न विचारता उघडली, तर त्या गिऱ्हाइकाने मला फाडून खाल्लं होतं. तेव्हापासून ओकेशिवाय मी हात लावत नाही. आणि तुम्ही लिहिलंत, कोणी आलं की सांगते."

"मग? गिऱ्हाईक चालल्याशिवाय मी झालं कशी म्हणू?"

"आणि तुम्ही म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाला ती दिसणार कशी?"

मागून धापा टाकत आलेला भाऊ दारात थांबला. "म्हणजे तेवीस दिवस तुम्ही दोघी एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणत उभ्या होतात?"

मावशी खुर्चीवर टेकल्या. तीस वर्षांत जी गोष्ट कधी केली नव्हती ती त्यांना आत्ता करायची होती, झीज न बघता बूट पास करायचा होता.

"ओके," त्या म्हणाल्या. "झालं."

वेबवालीने 'शोधात लपवा' या शब्दांसमोरची खूण काढून टाकली. मग त्या लाल शब्दांच्या मागे लागली. पत्ता बदलला, नवा नंबर टाकला, चौकाचा आणि दाराचा फोटो काढून चढवला.

"आता दिसेल?"

"लगेच नाही. आधी शोध दाखवणाऱ्या कंपनीची यंत्रणा येऊन बघून जाईल. दोन दिवस लागतील, कदाचित दोन आठवडे. ते माझ्या हातात नाही, मावशी."

"म्हणजे त्यांचीही ट्रायल आहेच," भाऊ पुटपुटला.

त्यानंतर मावशी लिंकवरून बघेनाशा झाल्या. रोज औषधवाल्याच्या फोनवर बघायच्या. चौथ्या दिवशी लाल अक्षरं गेली. सातव्या दिवशी फोन वाजला, तर पलीकडून एकाला लग्नासाठी चकचकीत बूट हवे होते. नवव्या दिवशी "मुलगी तिरकी चालते" टाकल्यावर मावशींचं पान दुसऱ्या नंबरला आलं. औषधवाल्यानेच टाळी वाजवली. मावशी मात्र फोन परत देऊन निघाल्या. दिसतंय, पण बघतंय कोण? पहिल्यांदा बंद वाचलेला माणूस पुन्हा कशाला शोधेल?

बाराव्या दिवशी दुपारी चौकात पावलं वाजली. एक नेहमीचं, एक ओढलेलं. मावशींच्या हातातली आरी तशीच थांबली.

"मावशी, तू बंद झाली होतीस ना?" चिमणी दारातूनच ओरडली. "फोनमध्ये लिहिलं होतं!"

मागे ड्रायव्हर, घामाघूम. "दोनदा येऊन परत गेलो, मावशी. काल डेपोत बसलो होतो, दुसरा कुणी बूटवाला मिळतोय का म्हणून शोधत होतो. हिने फोन ओढला. म्हणाली, बाबा, हा माझा अंगठा!"

"मिशा माझ्याच आहेत," चिमणीने खात्री दिली.

मावशी पुढे झाल्या. पोरीला स्टुलावर बसवून बूट काढला. बोटांना लाल वळ. तळाखाली टायरचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकलेले.

"मीच केलं," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला. "उंची कमी पडतेय असं वाटलं. चुकलं का?"

मावशींनी पोरीला उभं केलं, मागे बसून दोन्ही अंगठे तिच्या कंबरेवर ठेवले. भावाने मशीन थांबवलं.

"टाचेला जास्त झालंय. पण तुम्ही हे केलं नसतं तर कंबर फार कलंडली असती." मावशींनी श्वास सोडला. "थोडी झुकलीय. डॉक्टरांनाही एकदा दाखवा. बूट मी आजच घेते करायला."

वहीचं नवं पान उघडलं. पाय गिरवून झाला, आणि पेन्सिल चिमणीच्या हातात जाण्याआधी मावशींनी ती बापापुढे धरली.

"इथे नंबर लिहा. तुमचा आणि घरातला, दोन्ही."

"वहीत नंबर?" भाऊ मशिनवरून म्हणाला. "बाबांनी बघितलं असतं तर..."

"तू शिव."

ड्रायव्हरने जपून आकडे लिहिले. "मग बूट मिळाला की पंधरा दिवसांनी यायचं ना, नेहमीसारखं?"

"हो."

"आणि तेव्हा दुकान इथेच असेल?"

मावशींनी त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. "नसलं तर मी फोन करीन," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल चिमणीला दिली.