आप्पांची हाक आणि माझी बंदूक

माझी पहिली नेमबाजी स्पर्धा अर्ध्या मिनिटात संपली. कोणी जखमी झालं नाही हे आधीच सांगते, कारण गावात वेगळंच ऐकायला मिळतं.

मूळ भांडण आमच्या घरच्या बंदुकीचं. उसात रानडुकरं शिरतात म्हणून आजोबांनी परवाना काढलेली दुनळी. ती आता दादाच्या नावावर व्हायची होती. दादा कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्याला लवंगी फटाक्याचीसुद्धा भीती. मी मात्र आईच्या महिला संघटनेची पत्रकं वाचत अक्षरं शिकलेली. वारसा मुलग्याचाच का, यावर मी जेवताना इतकं बोलले, की आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरी अर्धी ठेवली.

"एक स्पर्धा पुरी करून दाव," ते म्हणाले. "बंदूक तुझ्या नावावर."

मी नेमबाजीच्या क्लबात जाऊन तिथल्या दुनळीवर शिकायला लागले. ही नेमबाजी एका जागी उभं राहून करायची नसते. इशारा झाला की बंदूक घेऊन पळायचं, वाटेत काडतुसं भरायची आणि लोखंडी पाट्या पाडायच्या. नियम ढीगभर, पण एक सगळ्यांचा बाप: नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. मागे वळली की स्पर्धक बाद. बंदूक रिकामी असली तरी बाद. (हा नियम मला इतका पटला, की मी तो घरात सगळ्यांना समजावला. आप्पांना दोनदा.)

स्पर्धेला आप्पा कडक इस्त्रीची टोपी घालून आले आणि दोरीमागे उभे राहिले. इशारा झाला. पहिल्या दोन पाट्या पडल्या. पळता पळता काडतुसं भरली; तिसरी पडली, चौथी हुकली. माझ्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं होती. पण आप्पांची हाक उसाच्या फडाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते.

"ए सुमे! डावीकडची राहिली की!"

मी वळले. नुसती मान नाही. वडील बोलत असताना पाठ करू नये, म्हणून अख्खी वळले, बंदुकीसकट. "काय म्हंतायसा आप्पा?"

दोरीमागचे सगळे प्रेक्षक क्षणात जमिनीवर आडवे झाले. उभे एकटे आप्पा. ते राहिलेली पाटी बोटानं दाखवत होते.

पंचांनी माझे हात धरून नळी बांधाकडे फिरवली. दोन्ही नळ्या रिकाम्या निघाल्या. मी बाद. "हाक मी मारली तर पोरीला शिक्षा कसली?" म्हणत आप्पा पंचांशी भांडायला लागले. मी मध्ये पडून आप्पांनाच सुनावलं, की नियम सगळ्यांना सारखा आणि पंचांचंच बरोबर आहे. (आपण इतके बरोबर आहोत हे पंचांनाही तोवर माहीत नव्हतं.)

आप्पांच्या मोटारसायकलवरून आम्ही घरी निघालो. बंदूक गेली, हे मला कळून चुकलं होतं. मागे बसून मी रडू आवरत होते.

"जल्मात पहिल्यांदा एका हाकेत वळलीस," वाटेत ते म्हणाले. "आन् ती आज."

खड्डा आला म्हणून त्यांनी गाडी हळू केली.

"पुढची स्पर्धा हुईस्तोवर बंदूक कुणाच्याच नावावर न्हाय. पर एक ध्यानात ठेव. हातात बंदूक हाय तवर बापाचंबी ऐकायचं न्हाय."

बाईनं कुणाचं मुकाट ऐकू नये, हे जे आई आणि मी इतकी वर्षं घरात मांडत होतो, ते आप्पा आज स्वतःहून बोलले होते. माझा ऊर भरून आला.

"बरं आप्पा," मी म्हटलं. "तुमी सांगतायसा तर न्हाय ऐकत."