ओहोटीला संमती लागत नाही

देव्हाऱ्यातील निर्माल्याचे एक बरे असते. कालचे फूल आज उतरवले की देव मोकळा आणि आपणही मोकळे. किस्स्यांचे तसे नाही. ते एकावर एक चढत राहतात आणि माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला सकाळी जप करताना मध्येच हसू फुटते. जपात हसणे निषिद्ध आहे की नाही, हे मी मुद्दाम कोणत्याही ग्रंथात शोधलेले नाही. सापडले तर पंचाईत व्हायची!

हे सारे किस्से एकाच बोटीवरचे. विलेपार्ल्याच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवले. तेथे एका बाकावर बसणारे माझे दोन विद्यार्थी, नंदू परब आणि सिद्धार्थ गायकवाड, चाळिशीत चांगल्या नोकऱ्या सोडून माझ्या बोरिवलीच्या घरी पेढे घेऊन आले.

"बाई, आम्ही रिव्हर क्रूझ सुरू करतोय. गोराईच्या खाडीत!"

"अरे, खाडीत रिव्हर कुठून आली?"

सिद्धार्थ गंभीरपणे म्हणाला, "बाई, खाडी म्हटलं की लोक नाक धरतात. नदी म्हटलं की हात जोडतात."

भाषा शिकवणाऱ्या बाईने पेढा तोंडात टाकला. रोज सकाळी बोटीची पूजा करण्याचे काम माझ्याकडे आले आणि माहितीपत्रकावर माझ्या नावापुढे 'स्पिरिच्युअल अ‍ॅडव्हायझर' असे छापले गेले. घरचे अजून त्याच नावाने चहाला हाक मारतात.

* * *

बोट एक आणि ती चालवणारा डॉमनिक तांडेल. मनोरीचा. चाळीस वर्षे या पाण्यात, आणि बोट एकदाही गाळात रुतलेली नाही, ही त्याची एकमेव फुशारकी. माझी आरती झाली की तो छातीवर क्रूसाची खूण करी, मगच इंजिन सुरू होई. साठी कधीच उलटली होती. स्वतःची मासेमारीची होडी मोडीत निघाली होती. "टीचर," तो मला म्हणे, "ह्या वयात दुसरा कोण माझ्या हातात सुकाणू देणार? ही बोट हाय तोवर मी तांडेल. नंतर नुसता म्हातारा."

भागीदारीपत्र मात्र सिद्धार्थने स्वतः लिहिले होते. त्यात पहिलेच वाक्य: 'सर्व निर्णय उभयतांच्या संमतीने.' शेवटचे वाक्य: 'फारकत झाल्यास बोट विकावी.' मधले कोणी वाचले नाही.

पहिल्या फेरीच्या दिवशी पाहुणे बसले, नारळ फुटला, तांडेल निघण्याच्या इशाऱ्याची वाट पाहत उभा राहिला. नंदू तिकिटांच्या टेबलापाशी. सिद्धार्थ धक्क्यावर. नंदूला वाटले, सिद्धार्थ हो म्हणेल. सिद्धार्थला वाटले, नंदूने आधी म्हणावे, उगाच आपण लीडर झाल्यासारखे दिसायला नको. दोघेही एकमेकांकडे पाहून अत्यंत सौजन्याने हसत होते.

असे तासभर सौजन्य चालले. तोवर पाणी उतरले, आणि निघण्याआधीच बोट धक्क्यालाच गाळावर बसली!

"अरे तांडेल, आम्हाला सांगायचं नाही का?" नंदू ओरडला.

"सांगणार कोणाला? तुम्ही दोघं संमती-संमती करत होतात. ओहोटीला संमती लागत नाय, शेट!"

धक्क्याला बांधलेली बोट आपल्या चाळीस वर्षांच्या हिशेबात धरायची नाही, हेही त्याने तिथेच बजावून सांगितले.

* * *

मग बोटीचे नाव. नंदूला आपल्या आईचे, सुमतीचे, हवे होते. सिद्धार्थला आपल्या आईचे, शांताबाईंचे. समानतेच्या तत्त्वाने तोडगा निघाला: डाव्या अंगावर 'सुमती', उजव्या अंगावर 'शांता'.

मुलुंडहून आलेल्या एका कुटुंबाने इंटरनेटवर लिहिले: 'जाताना सुमती बोटीने गेलो. ठीक होती. येताना शांता मिळाली. शांता जास्त आरामशीर आहे.'

सिद्धार्थ आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता. नंदू त्याच्याशी बोलेना. शेवटी माझ्याकडे तक्रार, रागाच्या भरात थेट मालवणीत: "बाई, मेल्याक सांगा काय ता! बोट एकच आसा!"

"त्याला माहीत आहे रे."

"मग तो हसता कित्याक?"

* * *

अंधेरीच्या एका कंपनीने आपल्या तीस अधिकाऱ्यांना लीडरशिपचे धडे देण्यासाठी आमची बोट घेतली. सोबत पांढऱ्या शर्टातला एक ट्रेनर. तो म्हणाला, "प्रत्येकाच्या आत एक लीडर झोपलेला आहे. त्याला जागं करा! पुढे या!"

तेवढ्यात डावीकडच्या तिवरांच्या झाडीतून बगळ्यांचा थवा उडाला. तीसही जागे झालेले लीडर मोबाइल घेऊन एकदम डाव्या अंगाला धावले. बोट कलली. ट्रेनरच्या हातातला माइक घरंगळत कठड्यापाशी गेला.

तांडेल गरजला, "सगळे लीडर एका बाजूला नको! अर्धे जण पब्लिक होऊन इकडे या!"

कोणीही हलेना. आपण पब्लिक का व्हावे, असा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर प्रश्न. अखेर ट्रेनर स्वतः उजवीकडे जाऊन बसला, आणि परतीची सगळी वाट तिथेच कठडा धरून राहिला.

* * *

माझीही फजिती सांगितलीच पाहिजे, नाहीतर तो परनिंदेचा दोष.

आमच्या भजनी मंडळाच्या वीस बायका एकदा बोटीवर आल्या. संतांनी भवसागर, नौका आणि पैलतीर यांचा इतका विस्तार करून ठेवला आहे की खऱ्या पाण्यावर बसल्यावर माझी वाणी आवरेना. मी म्हणाले, "आपण उगाच सुकाणू घट्ट धरून बसतो. खरा नावाडी तो. हात सोडावेत, भार त्याच्यावर टाकावा. तो धरतो!"

बायकांचे डोळे पाणावले. मागून तांडेलचा आवाज आला.

"टीचर, त्याने धरलंय का जरा बघून सांगा. मग मी सोडतो."

उरलेले निरूपण मी धक्क्यावर पूर्ण केले.

* * *

एवढे सगळे हसून झाले तरी मुळातला पेच तसाच होता. एका हॉटेलवाल्याने पत्रात विचारले, 'तुमच्यापैकी प्रमुख कोण? आम्ही प्रमुखाशीच बोलतो.' दोघांनीही उत्तर पाठवले. दोघांनीही लिहिले, 'मीच.'

त्या दिवसापासून नंद्या आणि सिद्ध्या एकमेकांना 'मिस्टर परब' आणि 'मिस्टर गायकवाड' म्हणू लागले. पंधरा दिवसांत फारकतीचा कागद तयार झाला. त्याच हॉटेलवाल्याला बोट हवी होती. इंजिन काढून ती कायमची किनाऱ्याला बांधायची आणि तिच्यावर जेवणाची टेबले मांडायची, असा त्याचा बेत. न हलणाऱ्या बोटीला तांडेल लागत नाही. डॉमनिकने हे ऐकले. त्या दिवशी त्याने इंजिन पुसून काढले, एवढेच.

सही कुठे करायची यावरही संमती होईना. नंदू सिद्धार्थकडे जाईना, सिद्धार्थ नंदूकडे येईना. शेवटी मी म्हटले, "बोटीवर करा. तिच्या डाव्या अंगाला एकाची आई आहे, उजव्या अंगाला दुसऱ्याची. त्यांच्या देखत करा." दोघांनीही माना खाली घातल्या, पण आले.

सकाळचे दहा. मी पूजा केली. तांडेलने क्रूसाची खूण केली. "शेवटची चक्कर मारून आणतो," तो म्हणाला. "पाण्यावर सही करा. बरं दिसतं." मी माझा जेवणाचा डबा घेऊन सोबत गेले.

खाडीच्या मध्यावर दोघे समोरासमोर बसले. सिद्धार्थने पेनाचे टोपण काढले, आणि बोट खालून कोणीतरी धरून ठेवावी तशी थांबली.

"रुतली," तांडेल म्हणाला.

"रुतली?" नंदू उभाच राहिला. "चाळीस वर्षांत नाही रुतली ती?"

"नवा गाळ आलाय, शेट. आता भरती येईपर्यंत बसा."

पाणी उतरत गेले. चारही बाजूंना चिखल, चिखलात खेकडे, आणि मध्ये आम्ही चौघे. पहिला तास मिस्टर परब तिवरे पाहत होते, मिस्टर गायकवाड मोबाइल. दुसऱ्या तासाला मोबाइलची बॅटरी संपली. तिसऱ्या तासाला भूक लागली. डबा माझा एकच: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, प्रसादाचे खोबरे. ताटली एकही नव्हती. नंदूने इकडे तिकडे पाहिले, टेबलावरचा फारकतीचा कागद उचलला, मधोमध दुमडला आणि त्यावर भाजी वाढली.

"सिद्ध्या, घे."

"अरे, त्यावर आपली..."

"घे रे! थंड होतेय."

एका बाकावरच्या डब्यात जसे दोन हात जात, तसे ते गेले. थोड्या वेळाने सिद्धार्थ हळूच म्हणाला, "नंद्या, ते पत्राचं. 'मीच' लिहिलं खरं मी. पण हॉटेलवाला पहिला प्रश्न विचारेल पाण्याचा, आणि मला भरती कधी ते पण कळत नाही."

"माका तरी खंय कळता?" नंदू म्हणाला, आणि दोघेही तांडेलकडे वळले.

तांडेल सुकाणूपाशी टोपी डोळ्यांवर ओढून झोपला होता.

चार वाजता पाणी चढले. बोट हलकेच उचलली गेली. कागद तेलाने पार पारदर्शक झाला होता. त्यावर काय लिहिले होते, हे कोणी वाचून पाहिले नाही.

काही दिवसांनी ओहोटी लागल्यावर आम्ही त्याच जागेवरून गेलो. त्या दिवशी रुतलो तेव्हापेक्षा पाणी हातभर कमी होते. तांडेलने वेगसुद्धा कमी केला नाही. बोट सरळ निघून गेली.

मी फुलांची परडी खाली ठेवली. "डॉमनिक, तो नवा गाळ कुठे गेला रे?"

त्याने समोरच पाहत सुकाणू किंचित वळवले.

"टीचर," तो म्हणाला, "तुम्ही पूजा करा."